प्रयोगशाळेतलं वारूळ

त्या खोलीत नळ होता आणि नळाखाली सिमेंटचं बेसिन होतं. शिराळ्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावातल्या माध्यमिक शाळेत नळ असलेली खोली ती एकच. ती मी त्या वर्षी जूनमध्ये मिळवली. मिळवली म्हणजे आत ठेवलेले दूध संस्थेचे कॅन बाहेर काढायला लावले, भिंती धुऊन घेतल्या आणि दारावर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी स्वतः रंगवून लावली. दहावीच्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत असे. आदल्या वर्षीच्या मुलांनी लिटमसचा कागद पहिल्यांदा पाहिला तो परीक्षकासमोर, आणि एकाने तो तोंडात घालून पाहिला. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

आमचे मुख्याध्यापक सुमंत सर मूळचे वाईचे. निवृत्तीला टेकलेले. कोणाशीही न भांडता घरी जायचं, हे त्यांचं शैक्षणिक धोरण.

“बाई, खोली वापरात दिसली पाहिजे,” ते म्हणाले. “रिकामी दिसली की दूध संस्था पुन्हा आत आली म्हणून समजा. मी काही त्यांच्याशी बोलणार नाही.”

खोली वापरात दिसावी म्हणूनच मी सातवीच्या वर्गाला सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रकल्प दिले. श्रावणानंतर विस्तार अधिकारी तपासणीला यायचे होते आणि मुलांनी हाताने केलेलं काहीतरी त्यांना दाखवावं, असं परिपत्रक होतं. प्राणी आणि त्याचं राहण्याचं ठिकाण, दोन्ही करायचं. एका गटाने घोरपडीसाठी दगडांची कपार केली. एका गटाने कृष्णेच्या वाळूत कासवाची अंडी पुरली. अंडी म्हणजे टेबल टेनिसचे चेंडू. पालीचा गट सर्वांत सुखी होता, कारण पाल ट्यूबलाइटमागे आधीच राहत होती. जत भागातून मेंढरं घेऊन आलेल्या कुटुंबातली स्वप्नाली नागाच्या गटात होती. तिने विचारलं, “बाई, नागाचं घर कसलं करायचं?”

आता नाग स्वतः घर बांधत नाही. वारूळ वाळवीचं असतं, नाग त्यात नुसता राहायला येतो. हे मी फळ्यावर आकृतीसह समजावून सांगितलं आणि इथपर्यंत माझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं.

चूक झाली ती अचूकपणामुळे. बांबूच्या कामट्या आणि कोंबड्यांची जाळी यांचा सांगाडा झाला, त्यावर गोणपाट झालं. पोरं म्हणाली, आता ओढ्याची माती लिंपू. मी म्हणाले, नाही. ओढ्याची माती वेगळी. वाळवीने लाळेने मळलेली, बारीक कणांची मातीच पाहिजे, नाहीतर ते वारूळ होणार नाही, मातीचा ढीग होईल. मुलांनी माळावरच्या पडक्या वारुळाची माती घमेल्यांतून आणली. छातीइतकं उंच वारूळ उभं राहिलं. मागची बाजू मी उघडी ठेवली होती, आतले बोगदे दिसावेत म्हणून. काम इतकं चांगलं झालं की मी दोनदा उगाच खोलीत जाऊन पाहून आले.

मी हरणाबाईंच्या घरी भाड्याने राहत होते. माझे यजमान सांगलीला नोकरीत, ते रविवारी येत. हरणाबाई विधवा, एकट्या, आणि मला सल्ला देणं हा त्यांचा दिवसाचा मुख्य उद्योग. भाकरी कशी थापावी इथपासून नवऱ्याला सांगलीत एकटं ठेवू नये इथपर्यंत सर्व विषय त्यांना चालत. त्या दिवशी त्यांनी माझे चिखलाचे हात पाहिले.

“कसली माती वो बाई?”

“वारुळाची. शाळेत वारूळ केलंय मुलांसाठी.”

हरणाबाई उंबऱ्यातच बसल्या. “आवं, पंचीम तोंडावर आलीया आन तुमी वारुळाची माती घरात आणली?”

“घरात नाही. शाळेत.”

“छपराखाली आणली न्हवं? मग देव आला. आमी पंचमीला चिमूटभर आणतो तर देव येतो, तुमी घमेलीच्या घमेली आणली.”

मी त्यांना मातीचे घटक सांगितले. वाळू, चिकणमाती, सेंद्रिय पदार्थ. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “व्हय. आन त्यात देव.”

नागपंचमीला शाळेला सुट्टी. दुपारी मी प्रयोगशाळेकडे गेले, तर दार सताड उघडं. किल्ली सुमंत सरांनी दिली होती. बायकांना नाही म्हणणं त्यांच्या धोरणात बसत नव्हतं. आत हळद, कुंकू, दूर्वा, लाह्या, आणि माझ्या मोजपात्रांतून दूध. वारुळाच्या तोंडावर दूध ओतलं जात होतं आणि मागच्या उघड्या बाजूने बाहेर येऊन घोरपडीच्या कपारीखाली साचत होतं. हरणाबाई पुढे बसून कहाणी सांगत होत्या. मी ‘नाग दूध पीत नाही’ हे सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण कोणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि बाजूला सरकायला सांगितलं, मागे रांग होती म्हणून.

असो, म्हटलं. एक दिवसाचा प्रश्न आहे. उद्या धुऊन काढू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आवारात बँड वाजला.

हे नीट सांगायला हवं. शिराळ्याची नागपंचमी पाहून आमच्या गावातलं तरुण मंडळही पंचमीआधी रानातून नाग धरून आणी, मडक्यात ठेवी, पंचमीला मिरवी. आणि सण झाला की ज्या जागी धरला त्याच जागी नेऊन सोडी. यात कधी हयगय नसे. एखाद्याचा नाग दुसऱ्याच्या बांधाला सुटला तर पुढे वर्षभर वितुष्ट येई. त्या वर्षीचा मंडळाचा नाग मिळाला होता शाळेच्या मागच्या भिंतीच्या पायाजवळ, म्हणजे नेमका माझ्या बेसिनच्या पाण्याचा पाइप बाहेर निघतो तिथे. तो परत करायला मंडळ आलं होतं. पुढे लेझीम, मागे बँड, मध्ये धनाजी. धनाजी मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या डोक्यावर मडकं, मडक्याला हार.

“बाई, लय भारी काम केलंसा तुमी,” धनाजी म्हणाला. “दरसाली भिंतीबुडी सोडावा लागायचा. औंदा त्याला घरच झालं.”

“धनाजी, ते घर नाही. प्रतिकृती आहे. खोटं आहे ते.”

“खोटं कसं? माती खरी हाय न्हवं? पोरं सांगत हुती, बाईंनी खऱ्या मातीशिवाय हात लावू दिला न्हाई.”

 

मी सुमंत सरांकडे पाहिलं. ते बँडच्या तालावर मान डोलवत होते. स्वप्नालीने माझा पदर ओढून विचारलं, “बाई, सापाला बाहेरचे कान नसतात ना?” मी हो म्हणाले. “मग बँड कुणासाठी?” सातवीच्या वर्गातला तो वर्षभरातला सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि मी तिला गप्प बस म्हणाले, कारण तेवढ्यात धनाजीने मडकं वारुळाच्या तोंडाला लावलं होतं. नाग शांतपणे आत गेला. मागच्या बाजूने बाहेर येईल म्हणून मी दाराकडे सरकले. पण ती उघडी बाजू कोणीतरी भक्तिभावाने रात्रीच लिंपून टाकली होती.

सांगाडा पोकळ, आत अंधार, गारवा, बाहेर लाह्या. लाह्यांना उंदीर आले. उंदरांमुळे नागाला कुठे जायचं कारण राहिलं नाही. अन्नसाखळी हा सातवीचा पुढचा धडा होता. तो आपोआप शिकवून झाला. माझ्या प्रकल्पात आता काही म्हणजे काही खोटं उरलं नव्हतं. फक्त दहावीची मुलं खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती, आणि मीही त्यांना टाकू दिलं नसतं. परीक्षानळ्या, आम्लांच्या बाटल्या, एकुलता एक सूक्ष्मदर्शक, सगळं आत. मुलांच्या प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक भिंतीवर लागलेलं, आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला मी फळ्यावर चंचुपात्राचं चित्र काढत होते.

धनाजीला म्हटलं, धरून बाहेर ने. त्याने कानाला हात लावले. पंचमी झाल्यावर धरत नाहीत; सोडलेला तर धरतच नाहीत. ग्रामपंचायतीने सांगितलं, इमारत शाळेची आहे. वन खात्याच्या माणसाने सांगितलं, नाग रानात असेल तर आमचा, खोलीत असेल तर शिक्षण खात्याचा. शिक्षण खात्याच्या कारकुनाने सांगितलं की जडसंग्रहाच्या नोंदवहीत नाग दाखवलेला नाही, तेव्हा तो शाळेत आहे असं खात्याला म्हणता येणार नाही. माझे यजमान रविवारी आले आणि म्हणाले, बदली माग. हरणाबाई म्हणाल्या, “बाई, तुमी उगा जिवाला लावून घेता. त्यो कुणाला काय करतोय? रोज दूध घालते मी. वळखतोय मला.”

“तो कोणाला ओळखत नाही, हरणाबाई. त्याला फक्त हालचाल कळते. तुम्ही हात आत घालू नका.”

“तुमी नळाची तोटी ढिली करून ठिवली तेवढी बघा. वारुळाला वल लागतीया.”

विस्तार अधिकारी आले ते जीपमधून. दारात हार घेऊन गाव उभं होतं. साहेबांनी प्रयोगशाळेला उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार केला आणि “लोकसहभाग चांगला आहे” असं म्हणाले. ही एकच संधी होती. मी सगळं क्रमाने सांगायला सुरुवात केली: खोली कशासाठी आहे, परीक्षा कधी आहे, आत काय आहे. साहेब ऐकत होते. मला वाटलं, पटतंय. तेवढ्यात आत हरणाबाई साहेबांसाठी तीर्थ आणायला गेल्या आणि “आई” म्हणाल्या. मोठ्याने नाही. काटा रुतल्यावर म्हणतात तेवढंच.

मनगटाच्या वर दोन ठिपके होते.

मी म्हणाले, “ताबडतोब दवाखाना.” माझ्याशिवाय घाई कोणालाच नव्हती. गावाला आधी ठरवायचं होतं की हे चावणं आहे की प्रसाद. एकजण म्हणाला, देवानं नुसता फणा लावला असंल. कोणी कडुलिंबाचा पाला आणला. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, अशी परीक्षा. हरणाबाईंनी पाला चावला.

“कडू लागतोय का?” सुमंत सरांनी विचारलं.

“लागतोय जरासा.”

“जरासा म्हणजे किती?” धनाजी म्हणाला. यावर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, जरासा म्हणजे कडू. दुसऱ्याने पाला तपासायला स्वतः चावून पाहिला आणि झाड कोवळं आहे असा निकाल दिला. मी हरणाबाईंच्या डोळ्यांकडे पाहत होते. पापण्या खाली यायला लागल्या होत्या. “झोप येतीया बाई,” त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते. ही झोप कसली ते मला माहीत होतं. पापणीनंतर गिळणं जातं. गिळण्यानंतर श्वास.

मी माझ्या आयुष्यात मोठ्याने ओरडले ते एकदाच. “जीप काढा!”

जीप निघाली. साहेब पुढे, मी आणि धनाजी मागे, हरणाबाई आडव्या, हाताला माझी लाकडी मोजपट्टी बांधलेली, हात हलू नये म्हणून. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर होते, लस नव्हती. ते म्हणाले, कराडला न्या. साहेबांनी ड्रायव्हरचा हात धरला.

“कराड सातारा जिल्ह्यात येतं. ही जीप सांगली जिल्हा परिषदेची आहे. जिल्ह्याबाहेर न्यायची तर वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते. आपण सांगलीला नेऊ.”

“सांगली लांब आहे, साहेब. तोवर त्या पोचणार नाहीत.”

“मी समजू शकतो बाई, पण उद्या मला विचारतील, कोणत्या शाळेच्या तपासणीला कराडला गेला होता?”

हरणाबाईंच्या तोंडातून लाळ गळायला लागली होती. साहेबांनी ते पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. फक्त बराच काळ नोकरीत होते. ते जीपमधून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. “मी जिल्ह्यातच आहे,” ते म्हणाले. “जीप माझ्या नकळत गेली.” त्यांना तिथे तसंच उन्हात सोडून आम्ही गेलो. मागे वळून पाहिलं तेव्हा ते परवानगीसाठी फोन कुठे मिळेल हे एका पानवाल्याला विचारत होते.

कराडला लस मिळाली. रात्रभर त्यांच्या छातीची हालचाल मी पाहत बसले. त्या मेल्या असत्या तर वारूळ दुसऱ्या दिवशी गावाने कुदळीने फोडलं असतं आणि खोली माझी झाली असती. हे माझ्या मनात आलं. हिशेब साधा होता, तो मांडायला विज्ञान शिकावं लागत नाही. मी उठून नर्सला बोलावलं आणि श्वास तपासायला सांगितलं.

हरणाबाई वाचल्या. एक बोट कायमचं वाकडं झालं, तेवढंच. त्या घरी आल्यावर देवळापुढे गाव जमलं. प्रश्न खोलीचा होता. सुमंत सरांनी पहिल्यांदाच, कोणाशीही न भांडता, पण माझ्या बाजूने एक वाक्य उच्चारलं: “परीक्षा फेब्रुवारीत आहेत.” मग म्हणाले, “बाई सोबत होत्या. त्या सांगतील काय झालं ते.”

मी सांगितलं. जसं झालं तसं, काही न वाढवता, काही न गाळता. नागाने दंश केला. विष मज्जासंस्थेवर चाललं. देवाने नव्हे, कराडच्या डॉक्टरांनी टोचलेल्या औषधाने त्या वाचल्या. पहिल्या दवाखान्यात औषध नव्हतं. कराडलाही ते संपत आलं होतं. कपाटात राहिलेल्या शेवटच्या बाटल्या हरणाबाईंना दिल्या आणि तेवढ्याच त्यांना लागल्या. अचूक सांगायची सवय. ती शेवटची वाक्यं मी गाळायला हवी होती.

मग धनाजी उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, तो रात्रभर माझ्यासोबत बाकावर बसला होता.

“ऐकलंसा? शेवटच्या बाटल्या. म्हातारीला लागतील तेवढ्याच. त्या कुणी ठिवल्या राखून?”

गावाने हात जोडले. खोलीचा प्रश्न तिथेच मिटला. दारावरची पाटी काढली नाही. तिच्यावर घंटेचा खिळा ठोकला. साहेबांच्या अहवालात प्रकल्पाला ‘उत्कृष्ट’ शेरा मिळाला. नाग कुठे गेला हे कोणालाच माहीत नाही. त्याच्या नावाने दूध मात्र रोज येत राहिलं, आणि ते उंदीर पीत होते.

गाव जमलं त्याच संध्याकाळी मी हरणाबाईंच्या ओसरीवर गेले. दोन सासुरवाशिणी त्यांच्या पाया पडून बाहेर निघत होत्या. हरणाबाईंनी वाकडं बोट पदराखाली घेतलं.

“हरणाबाई, तुम्ही एक शब्द बोलला असता तर खोली मिळाली असती. तुम्हाला तर माहीत आहे काय झालं ते.”

“म्हाईत हाय. सुईनं वाचले मी. नरड्यातनं वारं जाईना झालंतं, तवा तुमी हात धरला हुता, त्ये बी म्हाईत हाय.”

“मग?”

त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या त्या दोघींकडे पाहिलं. “बाई, सुईनं वाचलेल्या म्हाताऱ्या गावात लय हायती. त्यास्नी कोण इचारतंय? नागोबानं सोडलेली मी एकलीच.”

मी परीक्षानळ्या आणि बाटल्या खोलीबाहेर काढल्या आणि दहावीच्या वर्गाला सांगून ठेवलं की उद्यापासून प्रयोग व्हरांड्यात होतील. पाणी ज्याने त्याने घरून आणावं.